पत्रिका नको, रिपोर्ट जुळवा : पेशीविभाजन आणि सिकलसेल



गेल्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, एका वस्तीतून मला बोलावणे आले. मुलीचा साखरपुडा झाला होता. तारीख ठरली होती, विहाराचा हॉलही सांगून ठेवला होता. मध्येच कॉलेजच्या तपासणी शिबिरात मुलीचे रक्त तपासले गेले आणि रिपोर्टवर 'एएस' असे लिहून आले. बातमी मुलाच्या घरी पोहोचली. तिकडून निरोप आला, "मुलीच्या रक्तात खोट आहे, आम्हाला जमणार नाही."

मी गेले तेव्हा मुलीची आई चुलीपुढे गप्प बसून होती. मुलाचे काका समजुतीच्या बैठकीला आले होते. मी त्यांना एवढेच विचारले, "मुलाचे रक्त तपासले का?"

ते म्हणाले, "त्याचे कशाला तपासायचे? तो धडधाकट आहे."

मुलगीही धडधाकटच होती. रोज सायकलवर क्लासला जात होती.

काकांना नीट उत्तर द्यायचे तर आपल्या शरीरातली पेशी कशी विभागते, इथून सुरुवात करावी लागते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीविभाजनाचा पाठ आहे. मुले तो मार्कांपुरता पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आज आपण तो घरच्या सगळ्यांनी मिळून वाचू. घरात दहावीचे पोर असेल तर त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.

एकीच्या दोन, दोनाच्या चार

आईच्या पोटात पहिल्या दिवशी आपण केवढे होतो? जेमतेम ठिपक्याएवढी एकच पेशी. आईचे स्त्रीबीज आणि वडिलांचा शुक्राणू एकत्र आले आणि ती तयार झाली. मग तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आज तुमच्या शरीरात तीसेक लाख कोटी पेशी आहेत. त्या सगळ्या त्या एकीच्याच लेकी, नाती, पणत्या.

पेशीच्या आत केंद्रक असते. केंद्रकात गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. गुणसूत्र म्हणजे एक पुस्तक समजा. आईने २३ पुस्तके दिली, वडिलांनी त्याच विषयांची २३ पुस्तके दिली. शरीर कसे घडवायचे, रक्त कसे बनवायचे, हे सारे त्यात लिहिलेले आहे. लिहिण्यासाठी फक्त चार अक्षरे वापरली आहेत : ए, टी, जी आणि सी. एका पालकाकडून आलेल्या २३ पुस्तकांत मिळून सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. पुस्तकातला जो मजकूर एखाद्या गोष्टीची कृती सांगतो त्याला जनुक म्हणतात.

पेशी विभागण्याआधी या सगळ्या पुस्तकांची झेरॉक्स काढते. एकही पान सुटत नाही. झेरॉक्स झाली की वाटणी सुरू होते. पुस्तकात तिचे चार टप्पे दिले आहेत :

१) पूर्वावस्था : पसरलेली गुणसूत्रे आखडून आखूड आणि जाड होतात.
२) मध्यावस्था : ती पेशीच्या मधोमध एका रांगेत उभी राहतात.
३) पश्चावस्था : मूळ प्रत आणि झेरॉक्स वेगळ्या होऊन दोन टोकांकडे ओढल्या जातात.
४) अंत्यावस्था : दोन्ही टोकांना दोन केंद्रके तयार होतात.

मग कणकेचा गोळा मधोमध चिमटून दोन उंडे करावेत तशी पेशी आवळली जाते आणि एकीच्या दोन होतात. दोघींकडे ४६-४६ गुणसूत्रे, दोघींकडे तोच मजकूर. याला सूत्री विभाजन म्हणतात.

बोट कापले की आठवड्यात भरून येते, ते यामुळेच. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, कातडी महिनाभरात बदलते. कधी विभागायचे आणि कधी थांबायचे याची पेशीला शिस्त असते. ती शिस्त मोडली आणि पेशी थांबेचनात तर कर्करोगाची गाठ होते. त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

रावेर, यावल, सावदा भागात केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायांना हे विभाजन वेगळे शिकवायला नको. केळीत बी नसते. नवे झाड जुन्याच्या कंदापासून येते, नाहीतर टिश्यूकल्चरचे रोप आणून लावतात. आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनची ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर रोपे प्रसिद्धच आहेत. प्रयोगशाळेत चांगल्या झाडाचा कोंब घेऊन त्याच्या पेशी विभागू देतात आणि त्यातून हजारो रोपे तयार करतात. म्हणून सारी बाग एकसारखी दिसते, आणि म्हणूनच एका झाडाला जो रोग धरतो तो साऱ्या बागेला धरू शकतो. नुसत्या झेरॉक्सचा हा फायदा आणि हाच तोटा.

रक्ताचा कारखाना

आपल्या शरीरात सगळ्यात जास्त घाईचे विभाजन चालते ते हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तिथे तांबड्या रक्तपेशी बनतात, दर सेकंदाला सुमारे वीस लाख. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या शरीरात एक कोटीच्या आसपास नव्या रक्तपेशी तयार झाल्या असतील.

तांबडी पेशी रक्तात उतरण्याआधी आपले केंद्रक बाहेर टाकून देते, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते. पण केंद्रक गेले की पुस्तकेही गेली. मग तिला विभागता येत नाही. साधारण १२० दिवस ती काम करते आणि संपते. तिच्या जागी मगजातून नवी येते.

या कारखान्याला कच्चा माल लागतो. लोह लागते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी वस्तू म्हणजे फॉलिक ॲसिड. ती कळली आपल्या मुंबईत. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना जीवघेणा रक्तक्षय होत होता. या बाया गरीब, त्यांच्या ताटात भाजी-फळे नावाला. यीस्टच्या अर्कापासून बनवलेले मार्माइट दिल्यावर त्या बाया बऱ्या होतात, हे डॉ. विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे ओळखला गेला, तेच फॉलिक ॲसिड. ते नसेल तर पेशीला पुस्तकांची झेरॉक्स पुरी करता येत नाही. पेशी नुसती फुगत जाते, पण विभागू शकत नाही.

गरोदरपणात आशाताई लाल गोळी देतात, ती लोह आणि फॉलिक ॲसिडचीच. "गोळीने पोर काळे होते" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मेथी, पालक, हरभरा, मूग, शेंगदाणे यांतूनही फॉलिक ॲसिड मिळते. पालेभाजी फार वेळ शिजवली की ते कमी होते.

स्त्रीबीज आणि शुक्राणू : अर्धी वाटणी

आता विभाजनाचा दुसरा प्रकार. काकांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

स्त्रीबीजात ४६ आणि शुक्राणूत ४६ गुणसूत्रे असती तर बाळात ९२ झाली असती. तसे होत नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना झेरॉक्स एकदा निघते, पण वाटणी दोनदा होते. त्यामुळे प्रत्येक बीजात २३ गुणसूत्रे उरतात, प्रत्येक जोडीतले एकच. याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात.

जोडीतले कोणते गुणसूत्र जायचे, आजोबाकडून आलेले की आजीकडून आलेले, हे चिठ्ठी उचलल्यासारखे ठरते. वाटणीआधी जोडीतली पुस्तके काही पानांची आपसांत अदलाबदलही करतात. म्हणून एकाच आईबापाची चार मुले चार तऱ्हांची होतात.

मुलगा की मुलगी, तेही याच वाटणीत ठरते. आईच्या प्रत्येक बीजात एक्स गुणसूत्र असते. बापाच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्सवाला शुक्राणू पोहोचला तर मुलगी, वायवाला पोहोचला तर मुलगा. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूने हे दोनदा वाचावे. बोल तर मुलालाही लावू नये, कारण चिठ्ठी त्याच्याही हातात नसते.

तीनशे कोटींत एक अक्षर

अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका भागाचे जनुक आहे. त्यात एका जागी 'ए' ऐवजी 'टी' असे अक्षर पडले, की हिमोग्लोबिनच्या माळेतला सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येते. एवढ्या एका फरकाने प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून दांड्यांसारखे होतात. गोल, मऊ रक्तपेशी ताठर होते आणि विळ्यासारखी वाकते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून हा सिकलसेल.

विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. शिवाय त्या १२० दिवस टिकत नाहीत, दहा-वीस दिवसांतच मरतात. मगजातला कारखाना रात्रंदिवस पळूनही पुरा पडत नाही. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे, सततचा थकवा.

आता रिपोर्टवरची अक्षरे समजून घ्या. चांगल्या जनुकाला 'ए' म्हणतात आणि सिकलच्या जनुकाला 'एस'. (हा 'ए' म्हणजे वरचे अक्षर नव्हे, हिमोग्लोबिनच्या प्रकाराचे नाव आहे.)

एए : दोन्ही जनुके चांगली.
एएस : एक चांगले, एक सिकलचे. हा वाहक. चांगले जनुक काम सांभाळून घेते. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेतात, कंपनीत, पोलिसात, सगळीकडे काम करू शकतो.
एसएस : दोन्ही सिकलची. हा रुग्ण. त्याला औषधोपचार लागतात.

त्या मुलीचा रिपोर्ट 'एएस' होता, म्हणजे ती आजारी नव्हती. तिला मूल होईल तेव्हा तिच्या निम्म्या बीजांत चांगले जनुक जाईल, निम्म्यांत सिकलचे. समोरून काय येईल हे मुलावर अवलंबून. म्हणून मी विचारत होते, मुलाचे रक्त तपासले का?

दोन वाट्या, मूग आणि उडीद

हा खेळ मुलांसोबत घरी करून बघा. दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत एक मूग आणि एक उडीद टाका. मूग म्हणजे चांगले जनुक, उडीद म्हणजे सिकलचे. म्हणजे आई आणि बाप दोघेही वाहक. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचला. दोन दाणे मिळून एक बाळ. कागदावर लिहा, दाणे परत आपापल्या वाटीत टाका आणि पुन्हा उचला. असे चाळीस वेळा करा.

साधारण दहा वेळा दोन्ही मूग येतील, वीस वेळा एक मूग एक उडीद, आणि दहा वेळा दोन्ही उडीद. म्हणजे दोघे वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता शंभरात पंचवीस. दाणे दर वेळी परत टाकायचे आहेत, हे विसरू नका. "पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील" असा हिशेब चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

वाट्यांतले दाणे बदलून बाकीच्या जोड्याही खेळून बघा :

एए आणि एए : सगळी मुले चांगली.
एए आणि एएस : रुग्ण एकही नाही. निम्मी मुले वाहक असू शकतात.
एए आणि एसएस : सगळी मुले वाहक, रुग्ण एकही नाही.
एएस आणि एएस : शंभरात पंचवीस रुग्ण, पन्नास वाहक.
एएस आणि एसएस : निम्मी रुग्ण, निम्मी वाहक.
एसएस आणि एसएस : सगळी रुग्ण.

म्हणजे तो मुलगा 'एए' असता तर त्या लग्नात मोडण्यासारखे काही नव्हते. आणि तो 'एएस' असता, तर ही मुलगी नाकारून त्याने दुसरी, न तपासलेली मुलगी केली, तरी धोका तसाच राहिला असता. तपासणी एकाची करून भागत नाही.

गेल्या जन्मीचे पाप नव्हे

नर्सची नोकरी नवीन होती तेव्हाची गोष्ट. वॉर्डात दीड वर्षाचे एक मूल आले. हातापायांचे पंजे सुजलेले, हात लावला की किंचाळायचे. तिसऱ्यांदा भरती होत होते. प्रत्येक वेळी सूज उतरायचे औषध देऊन घरी पाठवले होते. रक्त तपासायचे कोणाला सुचले नव्हते. आई अहिराणीत एकच विचारायची, "ताई, मना पोऱ्याले काय व्हयनं?" तिची सासू दारातून म्हणायची, हिच्या गेल्या जन्माचे पाप आहे. मला तेव्हा उत्तर देता आले नाही, कारण मलाही ठाऊक नव्हते. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. लहान मुलाचे हातपाय सुजणे हे सिकलसेलचे पहिले लक्षण असू शकते, हे आता मी प्रत्येक बैठकीत सांगते.

त्या सासूला द्यायचे उत्तर मात्र आपल्या घरातच होते. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा आहे. मुलाला आईबापाचे गुण वारशाने मिळतात असे विज्ञान सांगते. पूर्वकर्माचा सिद्धांत मात्र मुलाला आईबापाकडून देहापलीकडे काही मिळते हे मानत नाही. हा विरोध बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट मांडला आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा हा भाग वाचताना दोन वाट्यांचा खेळही करून दाखवा. आजाराला कारण असते. कारण कळले की उपाय शोधता येतो. ज्याला पाप म्हटले त्याला उपाय नसतो, फक्त दोषी ठरवलेली बाई असते.

हे जनुक आपल्याकडे का?

आफ्रिका, अरबस्तान आणि भारत, जिथे जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरियाचा कहर होता तिथे हे जनुक टिकून राहिले. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे डॉ. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. जंगलात, नदीकाठी, मलेरियाच्या मुलखात आपले पूर्वज तगले, त्याची ही किंमत आहे. यात कमीपणा कसला?

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढच्या तपासण्यांत सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत आणि विदर्भातील बौद्ध समाजात वाहकांचे प्रमाण मोठे आढळले.

इथे खानदेशातल्या आपल्या वस्त्यांनी कान टवकारले पाहिजेत. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री हे तालुके सातपुडा-सह्याद्रीच्या पायथ्याचे. आणि भुसावळच्या रेल्वेमुळे आपले नागपूर-अकोल्याकडे पिढ्यान्पिढ्या येणे-जाणे आहे, रोटीबेटी व्यवहार आहे. तरीही एका ठिकाणी आम्ही वस्तीत शिबिर मागायला गेलो तेव्हा ऐकवले गेले, "हा आदिवासींचा आजार आहे, तुमच्याकडे कशाला?" जनुक जातीचा दाखला पाहून येत नाही. आदिवासी भावंडांना तपासणी आधी मिळावी, हे योग्यच आहे. पण आपणही ती मागितली पाहिजे.

आणखी एक गोष्ट प्रेमाने सांगते. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्ने आपल्यातही होतात. एकाच आजोबाचे जनुक दोन्ही घरांत उतरलेले असण्याची शक्यता अशा जोडीत जास्त असते. सोयरिकीचे वर्तुळ जेवढे लहान, तेवढे दोन वाहक समोरासमोर येण्याचे प्रसंग जास्त. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीबाहेर लग्न न करण्याची रीत हेच जातीचे मूळ असल्याचे दाखवले होते. त्यांचा मुद्दा समाजाचा होता. रक्ताच्या तपासणीतून आपल्याला दिसते, की या बंद दारांची किंमत लेकरांच्या शरीरालाही मोजावी लागते. तरी जातीबाहेर लग्न केले म्हणून तपासणी चुकवू नका. वाहक कोणत्याही समाजात असू शकतो.

तपासणी कुठे आणि कशी?

१) बोटाच्या थेंबभर रक्तावर आधी साधी चाचणी होते. तिच्यात 'सिकल आहे' एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे पुढच्या चाचणीत कळते. तिला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी म्हणतात. पहिल्या चाचणीवर थांबू नका.
२) आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारा. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही आपली मोठी सरकारी ठिकाणे आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.
३) एचपीएलसीत थॅलेसेमियाचा वाहकही कळतो. एक सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी मूल आजारी होऊ शकते.
४) सहा महिन्यांच्या आतल्या बाळात साधी चाचणी भरवशाची नसते. तसे डॉक्टरांना विचारा.
५) जनुके आयुष्यभर तीच राहतात. नक्की रिपोर्ट एकदा मिळाला की जपून ठेवा. आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

लग्न आधीच झाले असेल आणि दोघे वाहक निघाले, तर संसार मोडू नका. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. बाळाला आजार आहे का हे पोटात असतानाच तपासण्याची सोय मोठ्या शहरांतल्या केंद्रांत आहे. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, त्यातही आधी त्या बाईचा.

घरात रुग्ण असेल तर

भरपूर पाणी पाजा. खानदेशचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. पाणी कमी पडले की पेशी लवकर वाकतात. भर उन्हात कामाला पाठवू नका, थंडीत अंग गरम ठेवा. दुखत्या जागी बर्फ लावू नका, कोमट शेक द्या. फॉलिक ॲसिडची गोळी रोज द्यायची असते. कारखाना घाईत चालतो, म्हणून कच्चा माल जास्त लागतो. लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी डॉक्टर देतात. तिने बाळपणीचे हिमोग्लोबिन वाढते आणि कळा कमी होतात. ही गोळी पेशींच्या झेरॉक्सचे काम काहीसे मंदावते, म्हणून मधूनमधून रक्त तपासावे लागते. मनाने सुरू किंवा बंद करू नका. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनी आधी डॉक्टरांशी बोला.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखले, दम लागला, मूल एकाएकी पांढरेफटक पडले, पोटाची डावी बाजू फुगली, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळे पडले, तर रात्र असली तरी थांबू नका. थेट रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, "हा सिकलसेलचा रुग्ण आहे."

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वाहकाला ते लागत नाही, कारण तो आजारी नाही.

पुन्हा त्या बैठकीकडे

त्या दिवशी मी वाट्या मागवल्या. मुलीच्या आईने मूग आणि उडीद काढून दिले. काका दाणे उचलत राहिले आणि मुलीचा धाकटा भाऊ कागदावर रेघा मारत राहिला. विसाव्या खेपेला काका थांबले आणि म्हणाले, "म्हणजे पोराला न्यावे लागेल."

पोराला नेले. त्याच्या रिपोर्टवर काय आले ते मी इथे लिहीत नाही. तो त्या दोघांचा खासगी कागद आहे. आपल्यापैकी कोणाचाही रिपोर्ट गल्लीत चर्चेला घ्यायचा नसतो. मुलगी सध्या नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करते आहे, एवढे सांगते.

आपण पत्रिका सोडली. गुण जुळवणे, मंगळ, साडेसाती, सारे बाबासाहेबांच्या शब्दाखातर सोडले. मग त्या जागी रक्ताचा रिपोर्ट का नसावा? वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर रक्तगटाच्या खाली सिकलसेलचा एक रकाना घालावा, आणि मुलगा-मुलगी दोघांनी तो भरावा. बौद्धाचार्यांनी लग्नाची तारीख देताना प्रेमाने विचारावे, "तपासणी झाली का?" सर्वांत चांगले म्हणजे लग्न ठरवायच्या आधी, दहावी-बारावीतच पोरांची तपासणी करून टाकावी. मग साखरपुडा मोडायची वेळच येत नाही.

येत्या ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला जाल, तेव्हा सोबत्यांशी या विषयावर बोला. आणि त्याआधी एका रविवारी, वंदनेनंतर विहारात दोन वाट्या मांडा.

जयभीम! नमो बुद्धाय!